मधल्या कोऱ्या जागा

अठरा वर्षं मी नुकसान मोजते.
कात्रज घाटात कलंडलेले कांद्याचे ट्रक,
सिंहगड रोडला पाण्यात रात्र काढलेल्या मोटारी,
एकदा हांडेवाडीत बँडवाल्यांचा टेम्पो, ढोल-ताशांसकट.
विमान पहिल्यांदाच.
विम्याचा मुंबईचा जाणकार रजेवर, म्हणून मला धाडलं
लोणी काळभोरच्या पुढे, उसाच्या मधोमध,
एका खाजगी पट्टीवर.
टोकाला वाऱ्याची दिशा सांगणारी पिशवी. फाटकी.

दोन माणसांचं विमान ते.
नाक डांबरात, शेपूट वर,
शेळी हौदात वाकावी तसं.

बेहराम दस्तूर, वय एकाहत्तर, राहणार कॅम्प.
कपाळावर बँडेज, हातात थर्मास.
"आधी चहा घ्या," म्हणाले,
"ते काय आता कुठं उडून जात नाय."

मी टेप काढली.
ट्रक आपला अपघात रस्त्यावर लिहून ठेवतो,
काळी, लांब, सलग ओळ, आणि शेवटी काचा.
इथं तसं नव्हतं.
चाकांचा एक ठसा. मग काही नाही.
एकशे चाळीस फूट काही नाही.
दुसरा ठसा, जास्त गडद.
ऐंशी फूट काही नाही.
तिसरा, आणि लगेच खरवडलेलं डांबर.

टेपचं दुसरं टोक धरून तांबोळी मेकॅनिक उन्हात उभा,
आणि माझ्या लक्षात आलं, आपण मोजतोय
त्या मधल्या कोऱ्या जागा,
जिथं तो माणूस हवेत होता
आणि अजून काहीही करू शकत होता.

पंख्याची पाती पुढे वळलेली,
बोट वाकवून कुणाला जवळ बोलवावं तशी.
"म्हणजे इंजिन चालू होतं," तांबोळी म्हणाला. "शेवटपर्यंत."

पट्टीच्या कडेला, खडीत, टिटवीची चार अंडी.
खडीच्याच रंगाची, पाय पडता पडता राहिला.
ती डोक्यावर घिरट्या घालून मला शिव्या देत होती.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
फॉर्मात एक रकाना असतो: पक्षी अथवा जनावर.
तिथं खूण केली की पुढचे प्रश्न सौम्य होतात.
मी विचारलं, "समोर टिटवी आली होती का?"
आणि हो म्हणायला भरपूर वेळ दिला.
चहा संपवला. झाकण पुसलं.

"नाय," म्हणाले. "तिला कशाला मध्ये घालते?
ती बसली होती तिच्या जागेवर.
मीच जोरात आलो. विमानाला अजून उडायचं होतं,
मी दाबून खाली बसवत होतो.
असं कोण बसेल?"

"मग पहिल्या उडीनंतर परत वर का नाही गेलात?"

बराच वेळ उसाकडे बघत राहिले.
"खाली सगळे हात हलवत होते, पोरी.
सून, नात, हा तांबोळी, तोडणीवाल्यांची पोरं.
इतके हात हलल्यावर
परत वर जायची लाज वाटते."

परतताना हडपसरच्या पुलावर तासभर अडकले.
पुढच्या बसच्या मागच्या काचेतून
कुणाचं तरी मूल मला हात हलवत होतं.
मी पण हलवला.
माझ्या वेळी तीनशे माणसं होती, मुठीत अक्षता घेऊन.
एकशे चाळीस फूट तेव्हाही होते.

रात्री फॉर्म भरला.
नाकाचं चाक: निकामी. पंखा: निकामी.
वैमानिक: किरकोळ जखम.
कारण: वेग जास्त; पुन्हा फेरी घेतली नाही.
त्या खाली तीन ओळी जागा उरते, नेहमीच.
पेन टेकवलं तिथं, उचललं.

पक्षी अथवा जनावर: नाही.